पोर्टल आले, वशिला कुठे गेला? मॉरिशसच्या मराठी मंडळ्यांना अनावृत पत्र

प्रति,
मॉरिशसमधील मराठी मंडळ्या, त्यांचे महासंघ व पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी महसूल खात्यातला निवृत्त माणूस. कारकून म्हणून लागलो, नायब तहसीलदार म्हणून बाहेर पडलो, आणि मधली सगळी वर्षे रत्नागिरी जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांत काढली. सातबारा हाताने लिहिला जायचा तेव्हापासून तो मोबाइलवर येईपर्यंतचा काळ मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिला. तुमच्या सरकारने २०२५ ते २०२९ या काळासाठी डिजिटल परिवर्तनाचा आराखडा मांडला आहे. सेवा ऑनलाइन, कागद कमी, हेलपाटे कमी आणि ओघाने भ्रष्टाचारही कमी, असा अशा आराखड्यांमागचा नेहमीचा हिशेब असतो. पहिल्या तीन गोष्टी होतील. चौथीबद्दल लिहायचे आहे, आणि ते मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. कारण लहानशा बेटावर वशिला कसा चालतो याच्याशी मंत्र्यांइतकाच तुमचाही संबंध आहे. राग मानू नये.

आधी जे चांगले झाले ते मोकळ्या मनाने. बंदरातल्या मालाची कागदपत्रे संगणकावरून पाठवायची ट्रेडनेट ही यंत्रणा तुमच्याकडे १९९४ मध्ये सुरू झाली. तेव्हा आम्ही टाइपरायटरच्या रिबनसाठी मागणीपत्र लिहीत होतो. २००६ मध्ये तुमचे महसूल प्राधिकरण उभे राहिले, पुढे करविवरणपत्रे ऑनलाइन गेली, कंपन्यांची नोंदणी ऑनलाइन गेली, खरेदीखतांची नोंद संगणकावर आली, २०१७ मध्ये तक्रारींसाठी नागरिकांचे पोर्टल आले. संयुक्त राष्ट्रांच्या ई-शासनाच्या क्रमवारीत मॉरिशस बरीच वर्षे आफ्रिकेत अव्वल होता. जिथे नियम ठरलेला, शुल्क ठरलेले आणि उत्तर हो किंवा नाही एवढेच, तिथे मधला माणूस काढला की चहापाणी बंद होते. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून आमच्याकडे मिळू लागला आणि नुसत्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सज्जावर खेटे घालणे संपले. हे खोटे नाही.

पण उतारा म्हणजे नक्कल. वजन ठेवावे लागायचे ते फेरफारावर: वारस नोंद, खरेदीची नोंद, भावाभावांतली वाटणी. तेही ऑनलाइन गेले. मी ज्या तालुक्यांत होतो, तिथे पुढे काय झाले ते सांगतो. अर्ज दाखल व्हायचा, पावती मिळायची, आणि काही दिवसांनी शेरा यायचा: 'त्रुटी'. कसली त्रुटी, ते लिहिलेले नसायचे. बाहेर सेतूच्या पायरीवर बसणाऱ्या एजंटाला मात्र ती बरोबर ठाऊक. तो पैसे मोजून घ्यायचा, तेच कागद त्याच क्रमाने पुन्हा जोडायचा आणि नोंद मंजूर व्हायची. तलाठ्याकडे गावे अनेक, म्हणून त्याने हाताशी एक खासगी पोरगा ठेवलेला. सगळा तालुका त्याला 'झिरो तलाठी' म्हणायचा. हजेरीपटावर त्याचे नाव नाही, पगारपत्रकात नाही. पण डिजिटल सहीचा डोंगल त्याच्या शर्टाच्या खिशात. कोणाचा अर्ज आज पुढे ढकलायचा आणि कोणाला 'सर्व्हर डाउन आहे, सोमवारी या' म्हणायचे, हे तो ठरवायचा. पोर्टल उघडून बघाल तर सगळे स्वच्छ: अर्ज, तारीख, शेरा, मंजुरी. पैसे ज्याने घेतले तो सरकारदरबारी अस्तित्वातच नाही, मग लाच दिसणार कुठे?

इथपर्यंतची गोष्ट भारतातल्या कुठल्याही तालुक्याची आहे. बेटाची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे आणि अधिक अवघड आहे.

मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एकट्या रत्नागिरी जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत सोळा लाखांवर होती. क्षेत्रफळाने तुमचे बेट आमच्या जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याएवढे. म्हणजे तुमचा पंतप्रधान, सरन्यायाधीश, महालेखापाल, बँकेचा गव्हर्नर आणि वर्तमानपत्रांचे संपादक हे सगळे आमच्या जिल्ह्याहून लहान गोतावळ्यात राहतात. एकाच रॉयल कॉलेजात शिकलेले, एकमेकांच्या लग्नांना गेलेले, एकमेकांच्या मेव्हण्यांना ओळखणारे. आमच्याकडे तलाठ्याने फारच केले तर माणूस प्रांताकडे जातो, तिथून जिल्हाधिकाऱ्याकडे, नाहीतर उच्च न्यायालयात. कुठेतरी असा अधिकारी भेटतोच, ज्याला तुमचे गाव नकाशावरही ठाऊक नसते आणि म्हणूनच तो निवाडा बरा देतो. बेटावर असा परका माणूस आणायचा कुठून?

अशा ठिकाणी भ्रष्टाचाराला नोटांचे पुडके फारसे लागत नाही. ओळख पुरते. आणि ओळखीची पावती फुटत नाही, तिला बँकखाते नसते, तिचा व्यवहार कुठल्याही सर्व्हरवर नोंदला जात नाही.

ही ओळख किती गोड असते तेही सांगतो. मी नोकरीत असताना तुमच्याकडचे एक कुटुंब पूर्वजांचे गाव शोधत आमच्या कचेरीत आले होते. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेतल्या अभिलेखागारातून त्यांनी करारावर ऊसमळ्यांत मजुरीला गेलेल्या खापरपणजोबांच्या नोंदीची प्रत आणली होती: आवक क्रमांक, वय, उंची, अंगावरची खूण, बापाचे नाव आणि गावाचे नाव. ते गाव कोणा कारकुनाने कानाला जसे आले तसे लिहिलेले. आमची अख्खी कचेरी कामाला लागली. अव्वल कारकुनाने रेकॉर्ड रूममधून खोती गावांची जुनी बोटखते काढली, शिपायाने धूळ झटकली, कोणी फोनवर गावच्या पोलीस पाटलाला गाठले, कोणी सोलकढी मागवली. संध्याकाळपर्यंत वाडी सापडली. अर्ज नाही, नक्कल फी नाही, काही नाही. त्यात कोणी पैसा घेतला नाही आणि मला त्या दिवसाचे आजही बरेच वाटते. फक्त त्या दिवशी बाहेरच्या बाकावर वारस नोंदीसाठी आलेली एक बाई सकाळपासून बसून होती, आणि कचेरी सुटताना तिला उद्या यायला सांगण्यात आले. तिची आमच्याशी काही ओळख नव्हती.

तुमच्या देशात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर चालतो, आणि त्याला तुमच्या क्रिओलमध्ये 'नू बान' म्हणतात, आपली माणसे. कुठल्या महामंडळावर कोण, कुठल्या मंडळाचा अध्यक्ष कोणत्या समाजाचा, कोणाच्या मुलाला नोकरी लागली आणि कोणाच्या नाही, याचे हिशेब समाजागणिक मांडले जातात. या हिशेबात सामाजिक-सांस्कृतिक संस्थांचे वजन असते हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. गणेशचतुर्थीला तुमच्याकडे सार्वजनिक सुट्टी असते, विसर्जनाला आणि कार्यक्रमांना मंत्री येतात, भाषणे होतात, शाल-श्रीफळ होते. तुम्ही संख्येने लहान समाज. ऊसमळ्यांतून वर येताना भाषा टिकवलीत, शाळांमध्ये मराठी आणलीत, कोकणातली जाखडी झाकरी म्हणून आजतागायत नाचता. हे सगळे टिकवायला राजाश्रय लागला, तोही समजू शकतो. पण त्याच मांडवात, फोटो झाल्यावर, हळूच एक कागद मंत्र्यांच्या स्वीय सहायकाच्या हाती जातो का? बदलीसाठी, परवान्यासाठी, पुतण्याच्या नोकरीसाठी? आमच्या मंडळांत जातो, म्हणून विचारतो.

तो कागद कुठल्याही पोर्टलवर अपलोड होत नाही. आणि जिथे झाला, तिथे काय झाले ते माल्टात पाहा. माल्टा हा साडेपाच लाखांचा बेटदेश. युरोपीय आयोग दरवर्षी ई-शासनाची तुलना करतो, तीत तो सलग कित्येक वर्षे पहिला. २०२३ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने वाहनचालक परवान्यांचे प्रकरण बाहेर काढले: मंत्र्यांच्या कार्यालयांतून परीक्षार्थींची नावे परवाना अधिकाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर जात होती, यांना जरा सांभाळून घ्या म्हणून. लोकांना मदत करणे हे राजकारण्याचे कामच आहे, असा बचाव पंतप्रधानांनी केला. परीक्षेची नोंदणी झकास ऑनलाइन होती. वशिलाही ऑनलाइन होता, इतकेच.

आकड्यांवर माझा फार भरवसा नाही, पण एक तुलना डोक्यातून जात नाही. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०१२ च्या भ्रष्टाचाराच्या निर्देशांकात (गुण जितके जास्त तितका कारभार स्वच्छ) माल्टा आणि मॉरिशस या दोघांनाही शंभरपैकी ५७ गुण होते. सेशेल्सला ५२. डिजिटल सेवांच्या बाबतीत पहिले दोघे पुढे, सेशेल्स त्यांच्यामागे. २०२४ मध्ये माल्टा ४६ वर, मॉरिशस ५१ वर, आणि सेशेल्स ७२ वर, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सर्वांत वर. हा निर्देशांक जाणकारांची आणि उद्योजकांची धारणा मोजतो, प्रत्यक्ष लाच मोजत नाही. आणि सेशेल्सही काही रामराज्य नव्हे, परदेशातून आलेल्या पाच कोटी डॉलरच्या मदतीचे जुने प्रकरण तिथे २०२१ मध्ये अटकांपर्यंत गेले. पण मधल्या काळात सेशेल्सने केलेल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. २०१६ मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोग आणला आणि २०१८ मध्ये माहिती मिळवण्याच्या हक्काचा कायदा केला. मालदीवने असा कायदा २०१४ मध्ये केला. भारतात २००५ पासून आहे, महाराष्ट्रात त्याच्याही आधी, २००२ पासून.

मॉरिशसमध्ये तो अजून नाही. निवडणूक आली की जाहीरनाम्यात येतो, निवडणूक सरली की जातो.

माझ्या या पत्राचा सगळा भर इथे आहे. पोर्टल सरकारला नागरिक दाखवते. नागरिकाला सरकार दाखवायला कायदा लागतो. पहिले असून दुसरे नसले की काय होते, त्याची उदाहरणे तुमच्याच घरात आहेत.

सरकारी खरेदीचे घ्या. २००६ चा खरेदी कायदा आहे, २०१५ पासून ऑनलाइन निविदांची यंत्रणा आहे. मग २०२० मध्ये कोविड आला आणि औषधे, उपकरणे, मास्क यांची खरेदी त्या कायद्याच्या कलम २१ खाली, म्हणजे तातडीच्या तरतुदीखाली, खुल्या स्पर्धेशिवाय झाली. वैद्यकीय मालाशी पूर्वी संबंध नसलेल्या पुरवठादारांनाही ऑर्डरी गेल्याच्या बातम्या आल्या, लेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले. निविदांची यंत्रणा बंद पडली नव्हती, कोणी ती हॅकही केली नव्हती. तिला वळसा घातला गेला, आणि वळसा घालण्याची वाट कायद्यातच होती. साथ असताना घाई करावीच लागते, हे मान्य. आमच्याकडेही झाली. पण घाईत घेतलेल्या वस्तूंची यादी, दर आणि पुरवठादाराचे नाव आठवड्याच्या आत लोकांसमोर टाकायला कोणी हात धरला होता?

त्याच वर्षी सेंट लुईस वीज प्रकल्पातल्या लाचेच्या आरोपाचे प्रकरण आफ्रिकी विकास बँकेने डेन्मार्कच्या कंपनीवर कारवाई केल्यामुळे उजेडात आले आणि तुमच्या उपपंतप्रधानांना मंत्रिमंडळातून जावे लागले. कंपनीचे आतले कागद बाहेरच्या बँकेने तपासले म्हणून ते कळले. पोर्ट लुईसच्या कुठल्याही पोर्टलने ते दाखवले नव्हते.

शिवाय ही डिजिटल यंत्रणा स्वतःच एक मोठे कंत्राट असते, हे विसरायला होते. मालदीवने २०१० मध्ये विमानतळावरच्या सीमा नियंत्रण यंत्रणेसाठी नेक्सबिस या मलेशियन कंपनीशी करार केला. परदेशी कामगारांच्या अवैध वाहतुकीला आणि व्हिसातल्या गैरप्रकारांना आळा, हा हेतू. त्या कराराच्याच प्रक्रियेवर भ्रष्टाचारविरोधी आयोगाने आक्षेप घेतला, प्रकरण न्यायालयांत आणि संसदेत गेले, आणि २०१३ मध्ये करार रद्द झाला. पुढच्याच वर्षांत तिथली बेटे आणि खाजणे पर्यटनासाठी भाड्याने देताना खुली बोली टाळली गेली. सुमारे आठ कोटी डॉलर गायब झाल्याचे लेखापरीक्षण २०१६ मध्ये आले. विमानतळावर प्रवाशाच्या बोटांचे ठसे मोजणारे सरकार आपलीच बेटे कोणाला दिली ते सांगत नव्हते.

बेटांवरून आठवले. तुमच्या किनाऱ्याची पट्टी, भरतीच्या रेषेपासून ८१.२१ मीटरची 'पा जेओमेत्रिक', ही सरकारची जमीन. हॉटेले आणि बंगले तिथे भाडेपट्ट्याने उभे. महसुली माणूस म्हणून मला तुमच्याकडची कुठली एक यादी पाहायला आवडेल विचाराल तर हीच: कोणता पट्टा, किती आर्पां (तुमचे जमिनीचे माप), कोणाला, किती भाड्याने, कितीव्या वर्षापर्यंत, आणि कोणाच्या सहीने. आमच्या सातबाऱ्यावर शंभर दोष असतील, पण शेजाऱ्याचा सातबारा कोणीही काढू शकतो. भांडणे त्यातूनच होतात आणि चोऱ्याही त्यातूनच सापडतात.

आता दुसरी बाजू. सरकारला नागरिक दिसतो, म्हणजे किती दिसतो? २०१३ मध्ये तुमच्याकडे नवे ओळखपत्र आले, सर्वांच्या बोटांचे ठसे घेतले गेले आणि मध्यवर्ती संचात ठेवले गेले. २०१५ मध्ये तुमच्या सर्वोच्च न्यायालयाने ठसे घेणे चालवून घेतले, पण साठवून ठेवणे घटनेत बसत नाही असे सांगितले. हा निकाल आमच्या आधार निकालाच्या तीन वर्षे आधीचा, आणि तुमच्या एका सामान्य नागरिकाने लढून मिळवलेला. पुढे २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही त्याच्या खासगीपणाचा भंग झाल्याचे म्हटले.

तुमच्या पूर्वजांना हे सगळे नवे वाटले नसते. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुराला फोटो चिकटवलेला पास जवळ बाळगणे सक्तीचे झाले. पास नसेल तर भटक्या म्हणून अटक. पोलिसाला प्रत्येक वाटसरूला अडवायचा अधिकार मिळाला आणि त्या अधिकाराचे काय झाले असेल ते कोणाही कोकण्याला सांगायला नको. १८७१ मध्ये मजुरांची बाजू घेणाऱ्या आदोल्फ द प्लेवित्झ यांनी मजुरांचा अर्ज तयार केला, ९४०१ जणांनी त्यावर सह्या-निशाण्या केल्या आणि १८७२ मध्ये ब्रिटिश राजसत्तेचा चौकशी आयोग बसला. मजुराची उंची, व्रण, मालक सगळे सरकारला ठाऊक होते. सरकार काय करते ते मजुराला कळायला आयोग बसवावा लागला.

आणि अगदी अलीकडचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मिसी मुस्तास' या टोपणनावाने राजकारणी, पत्रकार, वकील यांच्या फोनवरच्या बोलण्याच्या फिती समाजमाध्यमांवर येऊ लागल्या. त्यावर तेव्हाच्या सरकारचा उपाय काय, तर निवडणूक होईपर्यंत समाजमाध्यमेच बंद. एका दिवसात तो आदेश मागे घ्यावा लागला, आणि १० नोव्हेंबरला मतदारांनी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांना दिल्या. त्याआधी २०२२ मध्ये बाय-द्यु-जाकोते इथल्या समुद्री केबलच्या स्थानकावरून गदारोळ झाला होता: तिथे भारतीय तंत्रज्ञांना शिरकाव द्यायला आपल्याला सांगण्यात आले, असा आरोप सरकारी टेलिकॉम कंपनीच्या मावळत्या प्रमुखाने केला; पंतप्रधानांनी तो फेटाळला, सुरक्षेसाठीची पाहणी होती असे म्हटले. आमच्या देशाचे नाव येते म्हणून हा मुद्दा गाळणे मला बरे दिसले नसते. भारताची रुपे कार्डे आणि यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून तुमच्याकडे चालतात, त्याचा आनंद आहेच. पण मित्रदेशाकडून आलेल्या यंत्राचाही करार वाचायला मागावा. हुआवेई या चिनी कंपनीच्या कॅमेऱ्यांचा मागावा, तसाच आमचाही.

साठपैकी साठ जागांचा एक परिणाम असा, की संसदेत विरोधी बाकावर मोजकी माणसे उरली. अशा वेळी सरकारला प्रश्न विचारायचे काम बाहेर येते, वर्तमानपत्रांकडे, संघटनांकडे, तुमच्याकडे. २००२ च्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या जागी २०२४ मध्ये वित्तीय गुन्हे आयोग आला, त्याने माजी सत्ताधाऱ्यांची चौकशी सुरू केली. होऊ दे. पण सत्ता गेल्यावर चौकशी होणे आणि सत्ता असताना कागद दिसणे यांत फरक आहे. आमच्या खात्यात म्हणत, मेलेल्या सापावर काठी कोणीही मारतो.

माहितीचा कायदा झाला म्हणजे सगळे सुटेल, असेही नाही. आमच्याकडे माहिती आयोगांत अपिले वर्षानुवर्षे पडून असतात, माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झाले आहेत, आणि माहिती अधिकाराच्या नावाने खंडणी मागणारेही मी पाहिले आहेत. शिवाय २०२३ च्या आमच्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधली जनहिताची खिडकी अरुंद केली. 'वैयक्तिक माहिती आहे' एवढे म्हटले की अधिकाऱ्याची सुटका. तुमच्याकडे २०१७ चा डेटा संरक्षण कायदा आधीपासून आहे आणि माहितीचा कायदा मागाहून यायचा आहे, तेव्हा हा खड्डा आत्ताच बुजवून घ्या. नाहीतर किनाऱ्यावरचा भाडेपट्टा कोणाकडे आहे असे विचारल्यावर तीही वैयक्तिक माहिती निघेल.

आता तुमच्याकडून काय हवे ते स्पष्ट सांगतो.

नव्या आराखड्यावर मंडळ्यांची मते मागवली जातील तेव्हा 'आमच्या भाषेत अ‍ॅप हवे' एवढ्यावर थांबू नका. अर्ज नाकारला तर कोणत्या नियमाखाली आणि कोणता कागद कमी म्हणून, हे लिहिल्याशिवाय पोर्टलने तो परतच करू नये, अशी मागणी करा. 'त्रुटी' या एका शब्दावर आमच्याकडे माणसांनी घरे बांधली. माझ्या आधीच्या किती अर्जांचा निकाल लागला आणि माझ्या नंतरच्या कोणाचा आधी लागला, हे अर्जदाराला दिसू द्या. माझी नोंद कोणत्या कर्मचाऱ्याने उघडून पाहिली, हे मला दिसू द्या. एस्टोनियात ते दिसते, तोही तुमच्याइतक्याच लोकसंख्येचा देश. तातडीच्या कलमाखालची प्रत्येक खरेदी ठरावीक दिवसांत दरांसह जाहीर व्हावी. यातले काहीही तंत्रज्ञानाला अवघड नाही. अवघड असेल ते दुसऱ्या कोणाला तरी.

तुमच्यातले जे सरकारी नोकरीत आहेत, त्यांना एकच सांगणे: आपला पासवर्ड आणि आपली डिजिटल सही दुसऱ्याच्या हाती देऊ नका, साहेबांनी दिली तरी आपण घेऊ नका. चौकशी लागली की लॉग बघतात, आणि लॉगवर साहेबांची तोंडी सूचना नसते.

आणि पदाधिकाऱ्यांनो, ती चिठ्ठी. समाजातल्या अडलेल्या माणसासाठी शब्द टाकणे तुम्ही बंद करणार नाही, मीही करणार नाही. म्हातारीचे पेन्शन अडले असेल तर टाकावाच. पण मंडळाच्या नावाने मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला दिलेले प्रत्येक शिफारसपत्र मंडळाच्या सूचनाफलकावर लावायचे, असा ठराव तुमच्या येत्या वार्षिक सभेत मांडून बघा. पेन्शनचे पत्र लावायला कोणी लाजणार नाही. पुतण्याच्या नेमणुकीचे लावताना हात थबकेल. सभेत या ठरावाला विरोध कोण करते तेही इतिवृत्तात नावानिशी घ्या.

आमच्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये कोणीही न मागता सरकारने स्वतःहून काय काय जाहीर करायचे त्याची यादी आहे. तिचा मराठी मसुदा, अर्जाचा नमुना आणि पहिल्या अपिलाचा नमुना या पत्राच्या प्रतीसोबत टपालाने पाठवतो आहे. महात्मा गांधी संस्थेतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांकडून त्याचे क्रिओल आणि फ्रेंच करून घेता येईल. कुठे शंका आली तर कळवावे, महसुली भाषा जरा किचकट असते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त नायब तहसीलदार
जि. रत्नागिरी